ब्रेकमावशी गप्प बसली

शिकवणीच्या गाडीत ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शेजारी बसलेल्याच्या. त्या दुसऱ्या ब्रेकवर जिचा पाय वर्षानुवर्षं ठेवलेला आहे, तिला सगळे ब्रेकमावशी म्हणतात. तिचं खरं नाव लायसन्सवर आहे, पण लायसन्स ती कोणाला दाखवत नाही. फोटोत म्हणे ती पाकीटमारासारखी दिसते. ज्यांनी चोरून पाहिलाय ते म्हणतात, पाकीटमार नाही, जिचं पाकीट मारलंय त्या बाईसारखी दिसते.

मावशी अंगाने ऐसपैस आणि गाडी चिमुकली, फिक्या पिवळ्या रंगाची. मावशी बसली की गाडी तिच्या बाजूला जराशी झुकते, जणू कानात काहीतरी सांगतेय. पायात बाराही महिने पातळ तळव्याच्या सपाट चपला. कोणी चांगले बूट भेट दिले तर कपाटात जातात. "जाड तळवा असला की ब्रेकचा निरोप पायापर्यंत पोचतच नाही," मावशी म्हणते, "मध्येच कुठेतरी चहा पीत बसतो."

गाडी शिकवायची शाळा तिच्या धाकट्या भावाची. त्याचा आवाज असा, की चौकातली माणसं आपल्यालाच कोणी हाक मारली म्हणून वळून बघतात. मावशी त्याला लहानपणापासून भोंग्या म्हणते आणि आता सगळेच म्हणतात. शिकणाऱ्याची भीती कानातून बाहेर पडते अशी या भोंग्याची पक्की समजूत होती, म्हणून तो कानात ओरडायचा. भीती काही पडायची नाही, डोळ्यातून पाणी पडायचं. मावशी तेव्हा काउंटरवर बसून पावत्या फाडायची. रडत उतरलेल्या माणसाला खुर्ची द्यायची, पाणी द्यायची, एक पेपरमिंट द्यायची आणि म्हणायची, "घरी कोण कोण असतं?" माणूस घरचं सांगायला लागला की पाचव्या वाक्याला हात थरथरायचे थांबतात, हे तिने तिथे बसून हेरलं.

पुढे भोंग्याच्या कमरेने दगा दिला. डॉक्टर म्हणाले, आता गाडीत तासन्‌तास बसायचं नाही. दारात शिकणारे उभे, फी भरलेली. मावशी पावतीपुस्तक मिटून उठली आणि म्हणाली, "सरक, मी बसते." ती बसली ती बसलीच.

तिची शिकवायची तऱ्हा अशी. समजा, शिवणकाम करणारी एक बाई चढावर गाडी उभी करून घामाघूम झालीय.

"मावशी, क्लच किती सोडू? एवढा सोडू का? की एवढा?"

"ते राहू दे गं. तुझी जाऊ येणार होती ना राहायला? आली?"

"आली ना. येताना काय आणलं असेल, सांगा."

"तूच सांग."

"काही नाही. हात हलवत आली. वर मलाच म्हणते, वहिनी, तुमच्याकडे उशा कडक आहेत."

"अगंबाई. मग तू काय म्हणालीस?"

"मी कशाला ऐकून घेतेय. मी म्हटलं, पुढच्या वेळी येताना आपली उशी घेऊन या."

तोवर गाडी चढ चढून, वळण घेऊन, पलीकडच्या झाडाखाली येऊन उभी राहिलेली असायची. शिवणवाली इकडे तिकडे बघायची. "मावशी, इथे कशा आलो आपण?"

"तू आणलंस. मी उशांमध्ये होते."

माणसं गाडी कमी चालवतात आणि स्वतःला जास्त चालवतात, असं मावशीचं मत. एक जण चाकामागे बसतो आणि त्याच्याच आत दुसरा एक बसतो, वही-पेन घेऊन. हात कसा धरला, मान किती वळली, मागचा काय म्हणाला असेल, शेजारची मावशी मनात काय म्हणत असेल. चाकामागचा बिचारा एक चुकला की आतला दोन लिहितो. "गाडीत आपण दोघंच," मावशी पहिल्याच दिवशी बजावते. "तू आणि मी. तुझ्यावर नजर ठेवायला तू जी तिसरी आणलीयेस ना, तिला फुटपाथवर उतरव. तिची फी भरलेली नाही."

आणि एक सांगायलाच हवं. निम्म्या गावाच्या जावा, सासवा, नवरे, थकलेले हप्ते आणि मोडलेली लग्नं या बाईला ठाऊक आहेत, पण गाडीत सांगितलेली गोष्ट आजवर कधी गाडीतून उतरलेली नाही. एवढी बोलघेवडी बाई आणि पोटात एवढी जागा. भोंग्या म्हणतो, "ताई, तू अंगाने उगीच नाही वाढलीस, ती सगळी लोकांची गुपितं आहेत."

तर अशा या मावशीकडे एक दिवस भूमितीच्या बाई आल्या.

शाळेत भूमिती शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. सडसडीत, इस्त्रीच्या कडेसारख्या सरळ. त्यांच्या यजमानांचा सगळा जन्म औषधं विकायला गावोगाव गाडी हाकण्यात गेला होता. आता डोळ्यांचा मागचा पडदा बिघडला. समोर बघितलं की मधोमध धुकं, कडेकडेचं तेवढं दिसतं. गाडी चालवणं डॉक्टरांनी बंद केलं. डोळ्यात ठरावीक दिवसांनी इंजेक्शन घ्यायचं, ते घेतलं तर आहे ती नजर टिकेल, चुकलं तर तीही जाईल. हॉस्पिटल शेजारच्या गावात, बाईंचं घर शेवटच्या बसथांब्याच्याही पुढे. भाड्याची गाडी तिकडे यायला नाखूश, आली तर थांबत नाही. शेजारचे एक गृहस्थ आजवर नेत-आणत होते, पण ते आता मुलीकडे कायमचे निघाले होते. यजमानांचा स्वभाव कोणाचं ओझं व्हायचं नाही असा. एक इंजेक्शन त्यांनी "आज बरं वाटत नाही" म्हणून बुडवलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मावशीच्या शाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला शिकायचंय. शेजारी जायच्या आत."

बाईंना सगळं समजून घ्यायचं असायचं. "चाक किती अंशात फिरवायचं?"

"वळेपर्यंत," मावशी म्हणाली.

"म्हणजे अंदाजे?"

"बाई, गाडीला भूमिती येत नाही. तिला रस्ता येतो."

बाई हसल्या नाहीत. चाकावरचे हात मात्र आणखी घट्ट झाले. त्या चालवताना सारखा स्वतःचाच पेपर तपासत. ओठ आवळलेले, खांदे कानाशी. चुकल्या की "मूर्ख आहेस" असं हलकेच म्हणायच्या. ते कोणाला, हे मावशीला पहिल्याच दिवशी कळलं. तिने नेहमीचं औषध काढलं. "बाई, तुमच्या वर्गात सगळ्यात व्रात्य कोण होतं हो?" आणि बाई खुलल्या. एकाने म्हणे कंपासपेटीत पाल आणली होती. पालीच्या गोष्टीत गाडी मस्त मागे आली, मैदानातल्या दोन खांबांच्या मधोमध उभी राहिली. मावशी मनात म्हणाली, झालं काम.

कसलं झालं. परीक्षेत बाई नापास झाल्या. परत दिली, परत झाल्या. तिसऱ्यांदा तर मागे येताना खांब आडवाच केला. मावशीच्या शेजारी लोण्यासारखी चालणारी गाडी परीक्षकांच्या शेजारी लाकूड व्हायची. परीक्षक साहेब माणूस वाईट नव्हे, पण अबोल. हातात पेन, नजर समोर, चेहऱ्यावर काही नाही. त्या शांततेत बाईंच्या आतली तपासनीस पाय पसरून बसायची.

तिसऱ्या वेळी साहेब उतरून मावशीकडे आले. "मावशी, एक बोलू? रस्त्यात बघतो मी, तुमच्याकडची मंडळी गाडी छान चालवतात. पण तुम्ही शेजारी असलात तरच."

त्यांनी टोमणा मारला नव्हता, दिसलं ते सांगितलं होतं. म्हणून तर ते खोल गेलं.

आणि बघा काय झालं ते. दुसऱ्यांच्या डोक्यातल्या तपासनीसाला आयुष्यभर फुटपाथवर उतरवणाऱ्या मावशीने तोच आपल्या गाडीत घेतला. ती स्वतःच्या पायाकडे बघायला लागली. मी ब्रेक कधी दाबते? बघून दाबते, की आधीच दाबते? माझ्या पायामुळेच का पोरं नीट चालवतात? दातांचा एक तरुण डॉक्टर तेव्हा शिकत होता. त्याच्या शेजारी बसून असा विचार चालू असताना मावशीने भर रस्त्यात, समोर चिटपाखरू नसताना, करकचून ब्रेक दाबला. मागच्या ट्रकवाल्याने खिडकीतून तोंड काढून तिचा सगळा खानदानी इतिहास सांगितला.

"मावशी, माझं काही चुकलं का?" डॉक्टर घाबरून म्हणाला.

"नाही रे राजा. आज माझ्याच दाढेत दुखतंय."

"दाखवा ना, आ करा."

"पुढे बघ."

बोलणंही आटलं. आता काही विचारायच्या आधी ती तोलायची, हे विचारू का, याने हिचं लक्ष उडेल का, हिला माझी सवय लागेल का. तोलेपर्यंत वळण निघून जायचं. शिकणारे आपापसात म्हणायला लागले, मावशी रागावल्यात. घरी भाजी निवडताना तिचा उजवा पाय टेबलाखाली आपोआप दाबला जायचा.

"काय गं ताई," भोंग्या म्हणाला, "टेबल कुठे पळून चाललंय का?"

"भोंग्या, मी खरंच शिकवते का रे? की नुसती करमणूक करते?"

भोंग्याला असल्या प्रश्नांची सवय नव्हती. त्याने डोकं खाजवलं आणि तो चक्क हळू आवाजात म्हणाला, "ते मला नाही ठाऊक. पण माझ्या वेळी लोक रडत उतरायचे. तुझ्या वेळी पेपरमिंट संपतात, रुमाल नाही भिजत." मावशीला एरवी हसू आलं असतं. तिने भाजी निवडली आणि देठं ठेवून पानं फेकून दिली.

शेजाऱ्यांच्या निघण्याचा आठवडा आला. बाईंची परीक्षा त्याच आठवड्यात. आदल्या दिवशी शेजाऱ्यांनी यजमानांना इंजेक्शनला शेवटचं नेलं आणि परतताना सामान बांधायची घाई म्हणून दोघांना शाळेच्या दारातच उतरवून गेले. बाईंचा तास होता. यजमानांच्या डोळ्यांवर काळा चष्मा, चेहरा उतरलेला, उन्हात कुठे उभं राहावं ते कळेना.

शाळेचा नियम होता, नातेवाईक गाडीत बसवायचा नाही. तो मागून शिकवतो, आणि मग गाडीपेक्षा संसार जास्त वेगात जातो. तशी पाटीच होती भिंतीवर.

"यांना ऑफिसात बसवू माझ्यापाशी," भोंग्या म्हणाला.

"तुझ्यापाशी? डोळ्यांचं औषध चालू आहे, कानांचं नको सुरू व्हायला." मावशीने मागचं दार उघडलं. "भावजी, बसा. एकच अट. तोंडातून शिकवणी निघाली तर पुढच्या कोपऱ्यावर उतरवीन."

"मला दिसतंय कुठे शिकवायला," भावजी म्हणाले आणि आत जाऊन बसले.

गाडी निघाली. बाईंचे खांदे कानाशी. मावशी शब्द तोलतेय, पाय ब्रेकच्या वर तरंगतोय. तिघं अशी गप्प, की गाडीत एखादं आजारी माणूस असावं. थोडं पुढे गेल्यावर भावजी म्हणाले, "आता कुठे आलो?"

"पाण्याच्या टाकीपाशी," बाई तुटकपणे म्हणाल्या.

"तिथे कोपऱ्यावर निळं दुकान होतं. आहे का अजून?"

बाईंनी बघितलं. "आहे. निळं नाही राहिलं. हिरवं केलंय."

"हिरवं? छे, काहीतरीच. बाहेर बाक होता."

"बाक आहे. बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसलेत, पेपर वाचतायत. शेजारी दोन सायकली. एक पोरगी सायकल काढतेय, तिचं मागे लक्षच नाही." आणि हे बोलता बोलता बाईंचा पाय ढिला पडला होता, गाडी मंदावली होती, पोरगी रस्त्यात आली आणि निघूनही गेली होती.

मावशीने तोंड उघडलं होतं, व्रात्य मुलांचं काहीतरी विचारायला. तिने ते मिटलं. मिटायला कष्ट पडले. मावशीने उघडलेलं तोंड जन्मात दोनदाच न बोलता मिटलं असेल, आणि त्यातलं एकदा दात काढल्यावर.

"पुढे?" भावजी म्हणाले.

"पुढे बस उभी आहे. माणसं उतरतायत. एक बाई बसच्या पुढून येईल असं वाटतंय. आलीच. हातात झाडाची कुंडी."

"कसलं झाड?"

"ते नाही कळलं. मला बाईचे पाय बघायचे होते."

मागून एक छोटं हसू आलं. किती दिवसांनी ते आलं असेल, हे मावशीला बाईंच्या मानेवरून कळलं. ती मान पहिल्यांदाच खाली उतरली, खांद्यांवर नीट बसली.

मैदानात आल्यावर बाईंनी गाडी मागे घेतली. भावजींना खांब कुठे ते हवं होतं. बाई सांगत होत्या. उजव्या आरशात खांब आला, आता जाड झाला, आता खालची विटांची रांग दिसतेय, आता तो दाराशी आला, आता डावा दिसतोय, दोघं सारखे. इंजिन बंद झालं. गाडी दोन खांबांच्या मधोमध होती. "आणि आता?" भावजींनी विचारलं.

"आता काही नाही," बाई म्हणाल्या. "लावली मी."

तेवढ्यात मावशीला आठवलं, आपल्याला पाय आहे. टाकीपासून मैदानापर्यंत तिला त्याची आठवण झाली नव्हती. तीही कुंडीवाली बाई बघत होती, खांब बघत होती. पाय ब्रेकवर होता, जिथे असायला हवा तिथे, आणि त्याने काही केलं नव्हतं कारण काही करायची गरज पडली नव्हती.

संध्याकाळी ती भोंग्याला म्हणाली, "मी काय करत होते, कळलं मला. मी माणसाचं मन त्याच्या डोक्यातून बाहेर काढत होते. ते बरोबर होतं. पण काढून ते जावेच्या घरी नेऊन बसवत होते. रस्त्यावर नव्हते बसवत. मी शेजारी असले की तेवढं मी सांभाळत होते."

"म्हणजे इतकी वर्षं चुकलीस?"

"निम्मी," मावशी म्हणाली. हे म्हणताना तिचा चेहरा असा निवांत होता, की भोंग्याने पुढे चिडवलं नाही. आपली सगळ्या गावाने वाखाणलेली तऱ्हा निम्मी चुकली असं भाजीत मीठ कमी पडल्यासारखं सांगणारी माणसं कितीशी असतात?

परीक्षेला भावजींना गाडीत बसता येणार नव्हतं. मैदानाच्या कडेला बाकावर मावशी आणि ते. बाई साहेबांशेजारी बसायच्या आधी एकदा वळून आल्या.

"मावशी, गप्पा कोणाशी मारू?"

"कोणाशी नको. भावजींना घरी गेल्यावर सगळं सांगायचंय, एवढं ध्यानात ठेवा. त्यांना काही दिसत नाहीये आणि ते हजार प्रश्न विचारणार आहेत."

"विचारीन," भावजी म्हणाले. "आज दुकानाचा खरा रंग सांग."

गाडी फाटकातून रस्त्यावर गेली. बराच वेळ आलीच नाही. भावजींनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, परत पहिल्यात घेतली. मग गाडी आली.

"आली," मावशी म्हणाली. "हळू येतेय. आता मागे घेणार."

"चेहरा दिसतोय का तिचा?"

"ओठ हलतायत."

"मूर्ख आहेस म्हणत असेल," भावजी कष्टाने म्हणाले. त्यांनाही ते ठाऊक होतं तर.

मावशी डोळे बारीक करून बघत राहिली. "नाही भावजी. ते म्हणताना ओठ लवकर मिटतात. या मोठ्या मोठ्या गोष्टी चालल्यात. उजवीकडे बघतायत, बोलतायत. आता थांबल्या."

"का थांबली?"

"एक कुत्रं आलंय. खांबाशी वास घेत उभं आहे. जात नाहीये मेलं. साहेबांनी पेन उचललंय." मावशीचा उजवा पाय बाकाखाली मातीत रुतला. "त्या वाट बघतायत. बघतायत. गेलं कुत्रं. निघाल्या. खांब आला, सरकला, दोन्ही सारखे. लावली."

भावजींनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

साहेब कागदावर सही करत आले. "मावशी, तुमच्या बाई सगळ्या रस्ताभर पुटपुटत होत्या. मी विचारलं, कोणाशी बोलताय? म्हणाल्या, घरी सांगायचंय ते पाठ करतेय. कुत्र्याचा रंगही सांगितला मला." ते बोलता बोलता थांबले. "मी रोज या रस्त्याने जातो. तो बाक मी आज पहिल्यांदा बघितला."

पुढच्या इंजेक्शनला मावशी सकाळीच बाईंच्या घरी जाऊन हजर झाली. निमित्त म्हणून पेपरमिंटचा पुडा आणला होता. शेजारचं घर बंद, दाराला कुलूप. बाईंनी भावजींना त्यांच्याच जुन्या गाडीत पुढे बसवलं, पट्टा लावला, आणि मावशीला गाडीच्या मागच्या दाराशी रेंगाळताना बघून म्हणाल्या, "तुम्ही नाही यायचं."

"मी कुठे म्हटलं येते. मी आपली दार नीट लागलंय का बघत होते."

"लागलंय."

"मोठा रस्ता लागला की ट्रकवाले—"

"मावशी."

"बरं बाई. गप्प बसते."

गाडी मागे आली, फाटकातून सरळ निघाली. खिडक्या उघड्या होत्या, म्हणून कोपऱ्यापर्यंत दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. भावजी म्हणत होते, पोस्टाची भिंत पिवळी आहे. बाई म्हणत होत्या, ती पिवळी कधीच नव्हती, तुम्ही डोळे चांगले असतानाही कधी नीट बघितली नाहीत. कोपऱ्यावर दिवा लुकलुकला, गाडी वळली, आणि ते भांडण हॉस्पिटलच्या दिशेने निघून गेलं.